हॉकीबाय

“हॉकीबायन आज कोणाक पान दाखवल्यान?”

दुकानदार माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारत होता. मी साबण आणि मेणबत्त्या घेऊन पैसे देण्याच्या बेतात होते.

“माकाच,” तो माणूस म्हणाला. “हिरवा.”

“मगे बरा. पिवळा असता तर सांज झाली असती.”

दोघांनी हसून विषय संपवला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण हॉकीबाय म्हणजे कोण हे कळलं होतं. त्याच सकाळी मी तिच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. बँकेतली माझी पहिलीच नेमणूक आचऱ्याला होती आणि आचऱ्यात जागा मिळाली नाही म्हणून शेजारच्या गावात, खाडीच्या अलीकडे, हे घर कुणीतरी सुचवलं होतं. घराची मालकीण सत्तरी ओलांडलेली, बुटकी, गुडघ्यात किंचित वाकून उभी राहणारी बाई होती. किल्ली देताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

दोन दिवसांत पानांचा उलगडा झाला. अंगणात फणसाचं झाड होतं. पायरीवर बसून कुणी फार बोलायला लागलं, म्हणजे कुणाच्या सुनेबद्दल किंवा कुणाच्या दारूबद्दल, की हॉकीबाय उठायची, फणसाचं एक हिरवं पान तोडायची आणि हात उंच करून त्या माणसासमोर धरायची. मग त्याने गप्प उठून कुंपणाबाहेरच्या दगडावर बसायचं आणि ती खूण करेपर्यंत आत यायचं नाही. गळून पडलेलं पिवळं पान दाखवलं तर थेट घरी जायचं आणि उद्यापर्यंत तोंड दाखवायचं नाही. लोक हे निमूट करायचे. मोठी माणसं, मिशीवाली माणसं, दगडावर जाऊन बसायची आणि आतल्यांना “झाला काय गो?” असं विचारत राहायची. लाल पान सहसा लागत नसे. रस्त्याकडेच्या जंगली बदामाचं एक लाल पान तिने खिडकीच्या गजात खोचून ठेवलं होतं. निवडणुकीत मत मागायला आलेल्या एका उमेदवाराला ते दाखवल्याचं सगळा गाव सांगे. तो बिचारा हसत नमस्कार करून निघून गेला आणि नंतर निवडून आला.

ती एके काळी देशाकडून हॉकी खेळली होती आणि तिची पानं म्हणजे हॉकीच्या पंचांची हिरवी, पिवळी, लाल कार्डं होती, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. गावात ते इतकं जुनं झालं होतं की सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले. आमच्या शाळेत हॉकी होती, पण मी खेळाच्या तासाला वर्गात बसून राहणाऱ्यांतली. शिवाय माझं मराठी वाचण्यापुरतं बरं आणि बोलताना अडखळणारं. मालवणी तर नुसतंच कानाने गोळा करायचं. त्यामुळे मी विचारत काही नसे, फक्त बघत असे. आणि तिच्याकडे बघण्यासारखं पुष्कळ होतं.

घरात कुबडीला किंवा काठीला पर्याय म्हणून ती आपली जुनी हॉकी स्टिक वापरायची. कडी लावणं, उंचावरची जासवंद खाली ओढणं, कोंबड्यांना परसात वळवणं, झोपाळ्याला धक्का देणं, सगळं तिनेच. अंगणात पडलेल्या सुपाऱ्या ती वाकून वेचत नसे. एकेका सुपारीला काठीचा हलका स्पर्श करत, इकडून तिकडे झुलवत, कोपऱ्यातल्या टोपलीत नेऊन सोडायची. सुपारी काठीला चिकटल्यासारखी चालायची. हे करताना तिचा चेहरा अगदी रिकामा असायचा, भांडी घासताना असावा तसा.

हॉकीच्या काठीची एकच बाजू चेंडूला लावता येते, सपाट बाजू. गोल बाजू लागली की तो गुन्हा. हा नियम तिने घरभर लावला होता. पळीच्या पाठीने कुणी आमटी ढवळली, उलथन्याच्या उलट्या बाजूने घावन दाबलं, की चुलीपुढून आवाज यायचा, “फाऊल.” शेजारच्या काकी, म्हणजे तिच्या चुलतभावाची याच गावातली बायको, दिवसातून एकदा तरी स्वयंपाकघरात यायच्या आणि मुद्दाम पळी उलटी धरायच्या. मग दोघींचं भांडण व्हायचं आणि त्या भांडणातच खोबऱ्याचं वाटप वाटून व्हायचं.

टीव्हीवर सामना असला की ती आवाज बंद करून बघे. मी पहिल्यांदा रिमोट शोधायला लागले तेव्हा तिने मला थांबवलं. “आवाज आयकलो की डोळे निजतत,” ती म्हणाली. क्रिकेट असो, कबड्डी असो, कधी कधी बातम्यासुद्धा ती तशाच बघायची आणि माणसांच्या पायांवरून कोण खोटं बोलतंय ते सांगायची. माणसांना ती पायांवरूनच ओळखे. पोस्टमनचा उजवा गुडघा, डॉक्टरांची घाई, काकींची टाच. माझ्याबद्दल तिचं मत मला आठवड्याभरातच ऐकायला मिळालं. “तू चलतस कशी म्हायत आसा? कोणाचा तरी दार वाजवतस तशी.”

मी हसले. रात्री खोलीत येरझारा घालून पाहिलं. तिचं खरं होतं.

तिच्या खेळाची माहिती मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली. लहानपणी माडाच्या झावळीच्या जाड दांड्याने, कच्च्या पोफळफळाचा चेंडू करून ती भावांबरोबर खेळायची. मग मुंबईला मावशीकडे शिकायला गेली. तिथल्या मिशनच्या शाळेत नन मुलींना हॉकी शिकवायच्या. मग रेल्वेत नोकरी, रेल्वेचा संघ, देशाचा संघ. ती डाव्या बाजूने खेळायची. जुने लोक सांगतात की चेंडू तिच्याकडे आला की प्रेक्षक उभे राहायचे, कारण ती आता कुणीकडे जाणार हे तिच्यासमोरच्या मुलीला कळत नसे. तिला स्वतःलाही कळत नसे असं काकींचं म्हणणं. पुढे गवताची मैदानं गेली, कृत्रिम आली, चेंडू पळायला लागला आणि मनगटावर खेळणाऱ्या बायका घरी बसल्या. तिने तिकीट तपासनीस म्हणून उरलेली नोकरी केली आणि गावी परतली. लग्न केलं नाही. देशाच्या संघाचा निळा कोट तिने भातशेतीतल्या बुजगावण्याला घातला होता. कसरीने खाल्ला होता, मग करायचं काय, असं तिचं उत्तर. त्या कोटाला माकडं घाबरत नव्हती.

पण गाव तिला ओळखायचं ते एका गोलमुळे. खरं तर न झालेल्या गोलमुळे.

ती गोष्ट मी पहिल्यांदा गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ऐकली. ते बँकेत आले होते आणि मी हॉकीबायकडे राहते म्हटल्यावर माझ्या काउंटरसमोर उभे राहूनच त्यांनी ती पूर्ण सांगितली, शुद्ध मराठीत, वर्गात सांगावी तशी. परदेशातली मोठी स्पर्धा, अंतिम सामना, शेवटची काही मिनिटं, दोन्ही संघ बरोबरीत. हॉकीबायने मारलेला चेंडू जाळीत गेला. संघ तिच्या अंगावर कोसळला. हॉकीत गोलपुढे एक अर्धगोल आखलेला असतो. त्याच्या आतून मारलेलाच गोल धरतात. पंचबाईसमोर एक खेळाडू पडताना आडवी आल्यामुळे तिला नीट दिसलं नव्हतं. तिने हॉकीबायलाच विचारलं, आतून मारलास? आणि हॉकीबायने काठीने रेघेबाहेरची जागा दाखवली. गोल रद्द झाला. जादा वेळेत आपण हरलो.

“सुवर्णपदक की सत्य?” मुख्याध्यापक मला म्हणाले. “तिने सत्य निवडलं. दरवर्षी मी मुलांना सांगतो.”

दुकानदाराचं मत वेगळं होतं. “येडी,” तो म्हणाला. “पंच विचारता म्हणजे पंचाक दिसला नाय. मगे तुका काय पडलाहा?” काकींचं म्हणणं होतं की ऊन लागलं असणार, लहानपणापासून तिला ऊन सोसत नाही. मी हे सगळं मनात एकाखाली एक लावून ठेवत होते. प्रश्न सगळ्यांचा एकच होता, मलाही तोच पडला होता. एवढा गोल झालेला असताना, अकरा जणींचं आयुष्य त्यात अडकलेलं असताना, एखादी बाई का सांगेल?

एकदा घावन उलटताना तिचा मूड बरा दिसला. मी धीर केला. “बाय, त्या फायनलला तुम्ही का सांगितलंत?”

तिने घावन ताटलीत टाकलं, हात पुसले, अंगणात गेली आणि फणसाचं हिरवं पान घेऊन आली. मी दगडावर जाऊन बसले. घावन तिथे आणून दिलं, एवढीच सवलत.

मग त्या वर्षीची गावपळण आली.

या बाजूच्या काही गावांत ही प्रथा आहे. काही वर्षांनी एकदा, ग्रामदेवतेचा कौल मिळाला की अख्खं गाव घरदार बंद करून वेशीबाहेर जातं. तीन दिवस तीन रात्री गावात माणूस राहत नाही, गुरं राहत नाहीत, कुत्री-कोंबड्यासुद्धा बरोबर नेतात. वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या उभारायच्या, तिथेच रांधायचं, भजनं म्हणायची, खेकडे पकडायचे. मग पुन्हा कौल घेऊन परत यायचं. मला हे आधी कुणीतरी गंमत म्हणून सांगितलं होतं. भाडेकरूंनाही जावं लागतं हे काकींनी गादीची वळकटी बांधता बांधता सांगितलं.

नेमकं त्याच सुमाराला फोन आला. हॉकीबाय फोन वापरत नसे. तिच्यासाठी येणारे फोन माझ्याकडे यायचे. पलीकडे एक तरुण मुलगी हिंदीत बोलत होती. तिची आजी गोव्याला आली आहे, राँचीकडची, एके काळी हॉकीबायच्या संघाची कर्णधार होती, आणि रविवारी भेटायला येऊ इच्छिते. सोमवारी त्या परत जाणार. आजीला आता फार प्रवास झेपत नाही, हा शेवटचाच.

मी हे सांगितलं तेव्हा हॉकीबाय सुपाऱ्या सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली. नंतर काकींनी मला सगळं सांगितलं. ती कर्णधार आणि ही मुंबईत रेल्वेच्या हॉस्टेलला एका खोलीत राहायच्या, एकमेकींचे कपडे घालायच्या. ती उंच, म्हणून हिला छोटी म्हणायची. तो अंतिम सामना तिचा शेवटचा होता. परतीच्या विमानात ती दुसऱ्या जागेवर बसली, मुंबईला उतरल्यावर सामान घेऊन दुसऱ्या खोलीत गेली, आणि तेव्हापासून, चाळीसेक वर्षं, एक शब्द नाही.

“रविवारी आपण वेशीबाहेर असू,” मी म्हटलं.

“व्हय.”

“मग काय सांगू?”

तिने सुरी पुन्हा उचलली. “सांग, थंयसर ये. ती येवंदे. एकदा तोंडार इचारून जांवदे. मगे माका काय नको.”

मी पुन्हा फोन लावला. गाव बंद आहे, असं मी हिंदीत सांगितलं. नातीने विचारलं, कर्फ्यू आहे का. मी म्हटलं, नाही, देवाने सांगितलंय. मी धांदरटपणे कुत्री-कोंबड्यांपर्यंत सगळं सांगितलं. ती थंड आवाजात म्हणाली की आजीला कळवते, पण आजी म्हणेल, छोटीला भेटायचं नाही तर सरळ सांगावं. मी फोन ठेवला आणि हॉकीबायला सांगितलं, कळवते म्हणाली. त्या दिवसापासून तिने कुणालाही पान दाखवलं नाही. पायरीवर लोक वाट्टेल ते बोलले. काकींनी पळी उलटी धरली, तरी काही नाही. काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या की हिला ताप तर नाही ना.

वेशीवर एक व्हाळ आहे, पावसाळा सरला की नुसता वाळूचा पट्टा आणि मधून पाण्याची रेघ. त्याच्या पलीकडे आमच्या झोपड्या. व्हाळाच्या काठाने दगड मांडले होते. दगडांच्या आत गाव, म्हणजे आता देवाचं. तिथे पाऊल टाकायचं नाही. मुलं दिवसभर त्या दगडांच्या कडेनेच पळायची, कारण मना केलेल्या जागेजवळ खेळण्यात मजा असते. आणि तिथे मी हॉकीबायला पहिल्यांदा मजेत पाहिलं, कर्णधार येणार की नाही या काळजीतही.

खेळ जुना होता. मुलं एकमेकांना पकडत पळतात आणि दगडांच्या रेघेवरून तोल जातो, पाय पडतो, चेंडू घरंगळतो. मधेच मोठ्या माणसाने एकदम ओरडायचं, “आत काय भायर?” ज्याच्याकडे बोट, त्याने श्वास घ्यायच्या आधी सांगायचं. आत म्हटलं तर बाद, स्वयंपाकाला पाणी भरायचं. खोटं कुणी बोलत नसे. देवाच्या रेघेवर कोण बोलेल, असं मुलं म्हणायची. पण नीट पाहिल्यावर मला दिसलं की त्यांना खोटं बोलायला फुरसतच मिळत नव्हती. प्रश्न इतका अचानक यायचा की हात आपोआप खऱ्या जागेकडे जायचा. हॉकीबाय विचारणारी. ती पाठमोरी उभी राहायची आणि गर्रकन वळायची. एका मुलीने क्षणभर थांबून “भायर” म्हटलं. ती खरोखर बाहेरच होती. हॉकीबायने तिला बाद केलं. मुलगी रडवेली झाली.

“भायरच होतंय मी,” ती म्हणाली.

“इचार केलंस,” हॉकीबाय म्हणाली. “मगे खरा सांगलंस तरी काय उपेग?”

काकी माझ्याबरोबर कोलंबी सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, हे आमच्या लहानपणीचंच, आणि लहानपणी ही या खेळात थांबली म्हणून कधी बाद झाली नाही, कारण हिचं तोंड डोक्याच्या पुढे धावायचं.

मी कोलंबी सोलायची थांबले. पण मनात आलं ते मनातच ठेवलं.

रविवारी दुपारपर्यंत कुणी आलं नाही. हॉकीबायने सकाळीच इस्त्रीचं पातळ नेसून घेतलं होतं. झोपडीत, रस्त्याकडे पाठ करून, ती शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा निवडत बसली. जेवणं झाली. तिने जेवण ताटात ढवळलं. उन्हं कलायला लागली तेव्हा रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि आमची माणसं “आत नको, आत नको” म्हणत हात आडवे करत धावली. गाडीतून आधी नात उतरली आणि मग चार पायांचा वॉकर घेऊन एक उंच म्हातारी. ती तशीच उभी राहिली. झोपड्या, दोरीला बांधलेली कुत्री, टोपल्यांखालच्या कोंबड्या, वाळत घातलेली लुगडी, आणि व्हाळापलीकडे आवाज नसलेलं गाव.

“सचमुच पूरा गाँव,” ती नातीला म्हणाली.

मग ती वॉकर टेकत आमच्या झोपडीशी आली. हॉकीबाय उठली नाही, वळलीही नाही.

“कशी आसस गो, छोटी?” म्हातारीने विचारलं. एके काळी इतकी वर्षं एका खोलीत राहून तिला मालवणी चांगलंच येत होतं.

हॉकीबायने मान वळवून आधी तिचे पाय पाहिले. “सुजलेत तुझे पाय,” ती म्हणाली. “बस. किती चलशीत?”

तिला जेवायला वाढलं. कोलंबीचं सार, भात, सोलकढी. मधेच हॉकीबायने तिच्या ताटात मिठाची चिमूट टाकली, तिने न बघता कालवली. झोपडीभोवती हळूहळू बायका जमल्या. पुढे काय होतंय हे प्रत्येकीला बघायचं होतं, मलाही. मी खांबाला टेकून उभी होते.

पण पुढे झाले ते मुख्याध्यापक. शेजारच्या झोपडीतून ते सदरा घालून, नारळ आणि शाल घेऊन आले. पाहुण्यांचं स्वागत करायला हवं असं त्यांना वाटलं. त्यांनी शाल घातली, नारळ दिला आणि मराठी-हिंदी मिसळून सुरुवात केली. या भूमीने देशाला एक सत्यनिष्ठ खेळाडू दिली, पदकापेक्षा सत्य मोठं मानणारी, आणि आज तिच्या कर्णधार आपल्यात आहेत, ज्यांनी त्या सत्याचा मान राखला.

कर्णधार म्हातारीने नारळ जमिनीवर ठेवला. आवाज झाला नाही, पण ते थांबले.

“तूने क्यों बोला?” तिने हॉकीबायला विचारलं. शांतपणे. इतक्या लांबून ती हेच विचारायला आली होती, हे सगळ्यांना कळलं.

हॉकीबायने शेंगा निवडायचं सूप बाजूला ठेवलं.

“तिणा एकदम इचारल्यान,” ती म्हणाली. “आत काय भायर, असाच तर इचारल्यान. माझी काठी गेली. तुमी सगळी माझ्या अंगार होतास. माका कळला ता काठी खाली आणल्यार.” ती थांबली. “इचार करूक वेळ गावलो असतो, तर मी खोटा बोललंय असतंय. तुझ्यासाठी बोललंय असतंय.”

मुख्याध्यापकांचा चेहरा पाहवेना. बाय नम्रपणाने असं म्हणताहेत, असं ते कसंबसं म्हणाले. हॉकीबायने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते वाळूकडे बघायला लागले.

कर्णधारने हॉकीबायच्या हातांकडे पाहिलं. तिचा राग उतरला असं मला वाटलं, पण चेहरा सुटला नाही. ती हिंदीत बोलायला लागली, हळूहळू, सगळ्यांकडे बघत. गेल्या चाळीस वर्षांत ती जिथे जिथे सत्काराला गेली, तिथे तिला ही गोष्ट ऐकवली गेली. तुमच्या संघातली ती सच्ची मुलगी. लोक टाळ्या वाजवायचे. बाकीच्या दहाजणींना काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही. एक रात्रसुद्धा कुणी तिला रडू दिलं नाही, कारण सत्याबद्दल रडणारी बाई लहान दिसते. तिला तो गोल हवा होता. अजून हवा आहे. तिने असं म्हटलं की लोक तोंड फिरवतात.

मग तिने बायकांना विचारलं, तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

काकी म्हणाल्या, खरंच सांगितलं असतं. दुसऱ्या एकीने मान डोलावली, देवाच्या दिवसांत खोटं कोण बोलेल. तिसरी म्हणाली, खरं ते खरं. मुख्याध्यापकांना पुन्हा धीर आला. एकेक करून सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्या उंच म्हातारीची पाठ थोडी थोडी वाकत गेल्याचं मला दिसलं. तिने वॉकरच्या मुठी धरल्या.

“देखा,” ती नातीला म्हणाली. “यहाँ भी मैं अकेली.”

नात तिला उठवायला पुढे झाली. हॉकीबायने हात पुढे करून तिला अडवलं. हॉकीबायचं उत्तर देऊन झालं होतं, आणि तेवढं पुरत नव्हतं. तिने झोपडीभर नजर फिरवली. ती नजर खांबापाशी येऊन थांबली, माझ्या पायांवर नाही, तोंडावर.

“आणि तू गो?” ती एकदम म्हणाली. “तू काय केलं असतंस?”

सगळ्या बायका वळल्या. या गावात इतके महिने राहून मी चारचौघांत एक वाक्य पुरं बोलले नव्हते, आणि मालवणीत तर एक शब्दही नाही. काय बोलायचं हे ठरवायला मला वेळ मिळाला नाही.

“मी गप रवलंय असतंय, बाय,” मी म्हणाले.